हरकत : हक्काची की हट्टाची?

उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. हरकतीत बरकत असते, असे आमचे वडीलधारे सांगत आले. मराठीत येताना या शब्दाने कूस बदलली. इथे हरकत म्हणजे आक्षेप, आडकाठी. उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवताना आम्हाला हा फरक दरवर्षी समजावून सांगावा लागतो. महापालिकेची जाहीर सूचना वर्तमानपत्रात छापून येते, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत', आणि मुले विचारतात, हालचाली कशा मागवतात? प्रश्न भाबडा असला तरी त्यात तथ्य आहे. घरात बसून आक्षेप घेता येत नाही. उठावे लागते, नकाशा बघावा लागतो, अर्ज लिहावा लागतो, त्याची पोच घ्यावी लागते.

दुसरा शब्द 'हमसाया'. आम्ही शेजाऱ्याला हमसाया म्हणतो. फारसीत 'हम' म्हणजे एकत्र आणि 'साया' म्हणजे सावली. एका सावलीत राहणारे ते हमसाये. ज्याने हा शब्द घडवला त्याला शेजाराचे मर्म कळले होते. माझ्या भिंतीची सावली तुझ्या अंगणात पडते, तुझ्या झाडाची सावली माझ्या ओट्यावर येते. मालकी वेगळी असली तरी ऊन, वारा, पाणी आणि रस्ता वाटून घ्यावाच लागतो.

हे दोन शब्द समोर ठेवून आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. वस्तीत नवे बांधकाम येऊ घातले की आसपासचे लोक विरोधाला उभे राहतात. कुणी त्यांना जागरूक नागरिक म्हणते, कुणी विकासाचे शत्रू. दुसऱ्याच्या जमिनीवर 'इथे हे नको' असे म्हणण्याचा नैतिक अधिकार शेजाऱ्याला असतो का? असला, तर तो कुठून येतो आणि कुठे संपतो?

पहिल्या नजरेला उत्तर सोपे वाटते. जमीन ज्याची, निर्णय त्याचा. पण शहर अशा निर्णयांच्या नुसत्या बेरजेने उभे राहत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागेवर जास्तीत जास्त बांधले, तर शाळा कुठे बांधायची, मुलांनी खेळायचे कुठे, मयत कुठे दफन करायची, आग लागली तर बंब कुठून आत येणार, हे प्रश्न कुणाचेच उरत नाहीत. म्हणून विकास आराखडा असतो. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. त्याप्रमाणे नगरपालिका आधी प्रारूप आराखडा तयार करते, तो जाहीर करते, लोकांच्या हरकती ऐकते आणि मग शासन त्याला मंजुरी देते. कुठल्या भूखंडावर शाळा, कुठे दवाखाना, कुठे मैदान, कुठे कब्रस्तान आणि स्मशान, हे त्यात ठरते. नंतर यात बदल करायचा तर पुन्हा जाहीर सूचना काढून हरकती ऐकाव्या लागतात.

म्हणजे आराखडा हा सर्वांसमक्ष केलेला करार आहे. या करारात एक विशेष गोष्ट आहे. त्याचे अनेक हक्कदार करार होताना हजर नसतात. आज पाळण्यात असलेले मूल हजर नसते, दहा वर्षांनी या वस्तीत भाड्याने राहायला येणारे कुटुंब हजर नसते. त्यांच्या वाट्याची जागा आपण राखून ठेवतो. आमच्या भाषेत याला अमानत म्हणतात. अमानत ज्याच्या हाती असते तो तिचा मालक नसतो, राखणदार असतो. हरकत घेणारा शेजारी स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी भांडत असेल तर त्याचे वजन थोडे. तो या अमानतीची आठवण करून देत असेल तर त्याचे वजन मोठे. आमच्या मते शेजाऱ्याचा अधिकार इथून येतो.

हा अधिकार किती दूरवर जातो, हे बंगळूरच्या एका खटल्यात चांगले दिसते. त्या शहराच्या राजमहाल विलास एक्स्टेन्शन या भागात एक जागा उद्यानासाठी राखलेली होती. १९७६ मध्ये सरकारच्या आदेशावरून ती एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्याचे ठरले. रहिवाशांनी विरोध केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आता पाहा, इथे समोर दारूचा गुत्ता नव्हता, सिनेमागृह नव्हते, चक्क रुग्णालय होते. रुग्णालयाला नाही म्हणणारा माणूस प्रथमदर्शनी निर्दय वाटतो. तरीही १९९१ साली न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. परिसरात राहणाऱ्यांना उद्यानासाठी दाद मागता येते, हे न्यायालयाने मान्य केले. सर्वांसाठी राखलेली मोकळी जागा खासगी संस्थेला देऊन तिचा उपयोग बदलता येत नाही, असे ठरवले. विकास प्राधिकरणाने स्वतःच्या विवेकाने घ्यायचा निर्णय वरून आलेल्या आदेशाने घेतला गेला, यावरही न्यायालयाने बोट ठेवले.

आमच्या विषयापुरता या निकालाचा गाभा असा. चांगली गोष्टही चुकीच्या जागी आणि चुकीच्या वाटेने आली तर अन्याय होऊ शकतो. उद्यानाच्या बाकावर हमालही बसतो आणि सावकारही. खासगी रुग्णालयाच्या दारात खिसा चाचपावा लागतो. शिवाय रुग्णालयाला दुसरी जागा शोधता येते, विकत घेता येते. वस्तीतले एकुलते उद्यान एकदा गेले की ते विकत घेऊन परत आणता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. ते आरक्षण हलवण्यात आले आणि तिथे निवासी इमारत उभी राहिली. विकसक तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे जावई होते. जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे सारे बेकायदा ठरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शिक्षक म्हणून आम्हाला या प्रकरणातली एक गोष्ट सतावते. या बारा वर्षांच्या न्यायालयीन प्रवासात शासन हजर होते, महापालिका हजर होती, विकसक हजर होता, याचिकाकर्ते हजर होते. त्या शाळेत जी मुले शिकली असती ती मात्र कुठेच हजर नव्हती. निकाल लागला तेव्हा त्यांचे प्राथमिक शिक्षण केव्हाच संपून गेले होते. आरक्षण मोडणाऱ्याला सर्वात मोठा फायदा हाच असतो, की ज्याचे नुकसान झाले त्याला ते कळतही नाही. शाळा नसलेल्या वस्तीतले मूल कधी म्हणत नाही की माझी शाळा चोरीला गेली. ते एवढेच म्हणते, शाळा लांब आहे.

इथवर वाचून शेजाऱ्याचा विरोध हा नेहमीच पुण्याचा वाटू लागेल. पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याला, म्हणजे मुसलमान वाचकांना, अधिक परिचयाची आहे.

आपल्या फिकहमध्ये 'शुफा' नावाचा एक हक्क आहे. लगतची मालमत्ता विकली जात असेल तर ती आधी आपल्याला विकत मिळावी, असा हा हक्क. हनफी मजहब तो लगतच्या शेजाऱ्यालाही देतो. शाफई मजहब, ज्याचे अनुयायी आपल्या कोकणात बहुसंख्येने आहेत, तो मालमत्तेतल्या भागीदारापुरताच मानतो. हिंदुस्थानात अनेक संस्थानांत आणि प्रांतांत हा हक्क कायद्याच्या रूपाने चालत आला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजार असल्याच्या आधारावरचा शुफा घटनेशी विसंगत ठरवला. धर्म, जात, वंश पाहून परक्याला वस्तीबाहेर ठेवण्याचे ते साधन बनते, आणि स्वतंत्र देशाच्या घटनेत त्याला जागा नाही, असा विचार त्यामागे होता. मुळात शेजाऱ्याच्या गैरसोयीचे निवारण म्हणून आलेला हक्क कुंपण होऊन बसला, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तेच कुंपण आज आपल्याविरुद्ध उभे आहे. नाव बघून घर नाकारले जाते, हे कुणाला सांगायला नको. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. कायद्याच्या चौकटीत ते बसले. नीतीच्या चौकटीत ते बसते का, हा प्रश्न त्याने मिटला नाही. उघड नियम तरी परवडला, निदान तो दिसतो. त्याहून अवघड आहे ती सभ्य भाषेतली हरकत. वसतिगृह येणार म्हटले की 'पार्किंगचा प्रश्न' निघतो. मदरसा येणार म्हटले की 'आवाजाचा त्रास' आठवतो. झोपडीवासीयांचे पुनर्वसन होणार म्हटले की 'पायाभूत सुविधांवरचा ताण' दिसू लागतो. यातले प्रत्येक कारण एखाद्या ठिकाणी खरेही असू शकते. अडचण इथेच आहे. आराखड्याची भाषा प्रामाणिक माणूसही बोलतो आणि द्वेष करणाराही.

मग ओळखायचे कसे? आम्हाला तीन खुणा सुचतात. पहिली, हरकत इमारतीबद्दल आहे की इमारतीत येणाऱ्या माणसांबद्दल? उंची, रस्त्याची रुंदी, सांडपाणी, आरक्षण या गोष्टी मोजता येतात. 'तसले लोक' मोजता येत नाहीत. दुसरी, हीच हरकत याआधी आपल्या माणसाच्या बांधकामाला घेतली होती का? ज्याने गल्लीतल्या चार बेकायदा मजल्यांकडे डोळेझाक केली आणि पाचव्या मजल्याच्या मालकाचे आडनाव वाचून नियम काढला, त्याचा नियम खोटा. तिसरी, अडचण दूर केली तर विरोध मागे घेतला जाईल का? पार्किंगची सोय झाल्यावरही जो 'नको'च म्हणतो, त्याचा आक्षेप पार्किंगला नव्हताच.

या खुणा आपण इतरांना लावतो तेव्हा त्या गोड वाटतात. आता त्याच स्वतःला लावून पाहू.

आपल्या दाट वस्त्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. माणसे भराभर वाढली, घरे भराभर चढली, मोकळी जागा मात्र आटत गेली. अशा वस्तीत एखादाच भूखंड आराखड्यात हिरव्या रंगात राहिलेला असतो. पोरे तिथे संध्याकाळी क्रिकेट खेळतात, म्हातारे फज्रनंतर फेऱ्या मारतात. आणि एक दिवस जमातीतलेच काही वजनदार लोक म्हणतात, इथे शादीखाना बांधू, दीनी इदारा उभारू, दुकानगाळे काढू म्हणजे संस्थेला उत्पन्न होईल. हेतू वाईट नसतो. गरिबाच्या मुलीचे लग्न स्वस्तात होईल, हे खरेच असते. त्या वेळी कुणी उठून म्हणाले की ही जागा मैदानाची आहे, तर त्याला काय ऐकावे लागते? कौमच्या कामात आडवा येतो. दुश्मनांच्या हातचे बाहुले झाला आहे. एवढ्यावर बहुतेक आवाज बंद होतात.

इथे आपण आपला स्वतःचा वारसा आठवावा. प्रेषित हजरत मुहंमद (स.) मदिनेत आले तेव्हा मशिदीसाठी जी जागा निवडली गेली ती सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. मुलांनी ती मोफत देऊ केली. प्रेषितांनी (स.) मोफत घेण्यास नकार दिला आणि किंमत देऊनच जागा घेतली. मशिदीएवढे पवित्र काम, समोर राजीखुशीने देणारा मालक, आणि तरीही दुर्बलाचा हक्क पुरा केल्याशिवाय पाया घातला गेला नाही. पुढे हजरत उमर (र.अ.) यांच्या खिलाफतीत हीच मशीद वाढवायची होती. लगत हजरत अब्बास (र.अ.) यांचे घर होते. रिवायत अशी की त्यांनी घर द्यायला नकार दिला, वाद लवादाकडे गेला आणि हजरत उबय बिन काब (र.अ.) यांनी खलिफाच्या विरोधात निवाडा दिला. खलिफाने तो मानला. हक्क शाबीत झाल्यावर हजरत अब्बास यांनी ते घर आपल्या मर्जीने मशिदीला देऊन टाकले. खलिफा, तोही उमरसारखा, काम मशिदीचे, आणि तरी शेजाऱ्याची हरकत ऐकली गेली. त्या शेजाऱ्याला कुणी दीनचा दुश्मन म्हटले नाही.

मैदान ही तर एका अब्बासची मिळकत नसते. ती वस्तीतल्या सगळ्या मुलांची असते, आणि मुलांनी 'घ्या' म्हटले तरी त्यांच्या वतीने देण्याचा अधिकार आपल्याला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी ज्या गोष्टी आवश्यक ठरवल्या, त्यांत खेळाचे मैदान आहे. कितीतरी उर्दू शाळा आजही इमारतीच्या मजल्यांवर भरतात. तिथल्या मुलांना कवायत जिन्यालगतच्या चिंचोळ्या गच्चीवर करावी लागते. या मुलांच्या वाट्याचा मैदानाचा शेवटचा तुकडा आपल्याच हातांनी जात असेल, तर दुसऱ्या वस्तीतल्या लोकांनी आपल्या बाबतीत न्यायाने वागावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

याचा अर्थ आराखडा म्हणजे आसमानी हुकूम, असे आम्हाला म्हणायचे नाही. नकाशे माणसे काढतात आणि माणसे गरिबाच्या घरावरून रेघ ओढताना फारशी अडखळत नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले. आजचा मोहम्मद अली रोड त्यांतलाच, तेव्हाचा सिडनहॅम रोड. पण हवा आणि उजेड आणण्यासाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतल्या अनेकांना नव्या खोल्या मिळाल्या नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने बांधले त्यापेक्षा पाडले जास्त. फार जुने कशाला? फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा नवा प्रारूप आराखडा जाहीर झाला, त्यात इतक्या चुका निघाल्या आणि हजारो हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये तो मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावे लागले. दुरुस्त आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. नकाशाविरुद्धची हरकत हीसुद्धा हक्काची असू शकते. अट एकच, ती वेळेवर आणि उघडपणे घेतलेली असावी.

मूळ मालकाचाही विचार करावा लागतो. आरक्षण टाकून पालिका वर्षानुवर्षे मोबदला देत नाही, तेव्हा तो बिचारा जमीन असून भिकारी होतो. म्हणून कायद्याने दहा वर्षांनंतर त्याला नोटीस देण्याची मुभा ठेवली आहे. पालिकेने दिलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. हे न्याय्यच आहे. पण यातून हरकतदारावर एक जबाबदारी येते. 'इथे इमारत नको' एवढे म्हणून तो सुटत नाही. मैदान व्हावे, मालकाला मोबदला मिळावा, यासाठी त्याला पालिकेचा पाठपुरावा करावा लागतो. तसेच आरक्षित जागेवर कुणाची झोपडी असेल तर तिच्यात राहणारा आपला हमसाया आहे, अडथळा नव्हे. त्याच्या छपराची सोय न सांगता बागेची मागणी करणे म्हणजे स्वतःच्या सावलीसाठी दुसऱ्याला उन्हात उभे करणे.

आणि जिथे कुणीच हरकत घेत नाही, तिथे काय होते? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा परिसरात लकी कम्पाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, त्यांची बायकामुले होती. मजल्यावर मजला चढताना ती इमारत लोकांना दिसत होतीच. हप्ते घेणाऱ्यांचा आणि बांधणाऱ्यांचा गुन्हा मोठा, यात शंका नाही. पण 'आपल्याला काय करायचे आहे' हे वाक्य आपल्या प्रत्येक गल्लीत रोज बोलले जाते, आणि त्या वाक्याचा हिशेब कुठल्याच न्यायालयात होत नाही. तो आपला आपल्यालाच करावा लागतो.

शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांना (स.) इतक्या वेळा ताकीद झाली की शेजारी आता वारसदार ठरवला जातो की काय, असे त्यांना वाटू लागले, ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा अर्थ आपण ईदची खीर शेजारी पाठवण्यापुरता घेतला. तो याहून मोठा आहे. शेजारी वारस असेल तर वस्तीचा रस्ता, हवा, मैदान आणि शाळा हा त्याचा वारसा आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आज राहत असो की उद्या येणार असो.

म्हणून आम्ही आमच्या नववी-दहावीच्या मुलांना आता एक काम देतो. आपल्या वस्तीचा विकास आराखडा मिळवा. तो पालिकेच्या नगररचना खात्यात पाहता येतो, आणि न दाखवल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. आपल्या घराभोवती कोणकोणती आरक्षणे आहेत आणि प्रत्यक्षात तिथे काय उभे आहे, ते दोन रकान्यांत लिहा. मुले यादी करून आणतात. दुसऱ्या रकान्यात कधी कुणा नेत्याचे कार्यालय असते, कधी गोदाम असते, कधी आपल्याच जमातीची इमारत असते. एखादा मुलगा तिसऱ्या प्रकारच्या नोंदीपाशी येऊन थांबतो आणि विचारतो, सर, हेही लिहायचे का?

लिहायचे, असे आम्ही त्याला सांगतो. तेच आधी लिहायचे.